नवे रिंग-पिस्टन टाकूनही धूर परत येतोय? आधी धुण्याचं बघा

ओळखीचा प्रकार आहे. स्प्लेंडर किंवा तिच्या जातीतली एखादी शंभर सीसीची गाडी निळा धूर सोडायला लागते, ऑइल प्यायला लागते. घरीच इंजिन उघडायचं ठरतं. ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली पळतो तो भाग, लेथवर जाऊन बोअर होऊन (आतलं भोक थोडं मोठं करून) येतो, पिस्टन-रिंगा कोऱ्या, हेडचे व्हॉल्व्ह लॅप केलेले (पेस्टने घासून सीटवर नीट बसवलेले), पॅकिंगचा सेट नवा. गाडी पहिल्या किकला चालू होते आणि काही दिवस झकास पळते. मग दोन-अडीच हजार किलोमीटरच्या आतच सायलेन्सरमागे पुन्हा निळसर झाक दिसायला लागते. दोष ‘लोकल रिंगां’वर जातो, रिंगा बदलल्या जातात, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

रिंगा दर वेळी वाईट निघत नाहीत. घरी केलेलं हाफ इंजिन (फक्त हेड, ब्लॉक आणि पिस्टनचं काम) दुसऱ्यांदा उघडावं लागलं, तर मी आधी संशय धुण्यावर घेतो. कारण धुणं म्हणजे दोन वेगळी कामं आहेत आणि आपण ती एकच समजतो. चिकट ऑइल आणि काजळी काढणं हे पहिलं. होनिंगच्या, म्हणजे बोअर आतून घासून जाळी पाडायच्या दगडाची, लॅपिंग पेस्टची, पॉलिश पेपरची बारीक पूड काढणं हे दुसरं. पहिल्याला रॉकेल किंवा डिझेल पुरतं. दुसऱ्याला ते अजिबात पुरत नाही, आणि गोची अशी की दोन्ही अवस्थांत पार्ट सारखाच चकचकीत दिसतो.

या हलगर्जीपणाची किंमतही बघून घ्या. या गाड्यांना ओव्हरसाइज पिस्टन मिळतात ते ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमीचे. म्हणजे ब्लॉकला बोअर करायच्या संधी मोजक्याच. धुण्यात कसूर झाली की त्यातली एक गेली. सगळ्या संपल्या की स्लीव्ह, म्हणजे ब्लॉकच्या आतली बिडाची नळी, बदलायची.

पुन्हा उघडण्याआधी

पहिली काही मिनिटं धूर येणारच. बसवताना लावलेलं ऑइल आणि सायलेन्सरच्या पोटात साठलेलं जुनं ऑइल जळत असतं. सायलेन्सर जास्तच प्यालेला असेल तर अजून थोडा वेळ लागतो. त्याला घाबरू नका.

त्यानंतरही राहिला तर धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी चालू केल्यावर भस्सकन येऊन थांबतो, किंवा उतारावर थ्रॉटल सोडून आल्यावर पुन्हा पिळताना येतो, तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी). चढावर, डबल सीट, जोर लावला की सतत येतो, तर रिंग आणि बोअर. ऑइल जास्त भरलं असेल तरी धूर येतो, तेव्हा डिपस्टिक आधी बघा. ब्लॉक उतरवलाच तर रिंगांवरची खूण वरच्या बाजूला आहे ना, हेही त्याच वेळी तपासा. उलटी बसलेली रिंग ऑइल वर ढकलते आणि तिथे धुण्याचा काहीच दोष नसतो.

उघडल्यावर काय वाचायचं

ब्लॉक काढल्यावर लगेच पुसू नका. पुरावा तिथेच असतो.

बोअरमध्ये पूर्ण घेराला बारीक उभ्या रेघा, होनिंगची तिरकी जाळी जवळजवळ गायब, आणि रिंगांची बाहेरची कड चमकदार नसून निस्तेज राखाडी, अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर पूड आत राहिली होती हे नक्की धरा. एकाच बाजूला जाड ओरखडे असतील तर प्रकरण वेगळं, तिथे पिस्टन धरला, म्हणजे अडकला होता. पिस्टनचा स्कर्ट उजेडात तिरका धरून मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून बघा. मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतलेले टोकदार कण दिसतात. हेच कण पिस्टनबरोबर वर-खाली होत स्लीव्ह घासत बसतात. म्हणूनच ‘पिस्टन तर नवाच आहे, तोच टाकू’ हा मोह अशा वेळी टाळावा.

खात्री हवी असेल तर वरची रिंग बोअरमध्ये पिस्टननेच ढकलून सरळ बसवा आणि फिलर गेजने (पातळ पत्र्यांच्या मापाने) तिची गॅप, म्हणजे दोन टोकांमधली फट, मोजा. बसवताना मोजलेला आकडा लिहून ठेवलेला असेल तर हिशेब सोपा आहे. बोअरचा व्यास ०.१ मिमीने वाढला की गॅप ०.३ मिमीहून जास्त वाढते, कारण वाढतो तो घेर. बोअर गेज घरी नसतो, पण फिलर गेज स्वस्तात मिळतो आणि झीज तिप्पट मोठी करून दाखवतो. दोन-अडीच हजार किलोमीटरमध्ये गॅप डोळ्यात भरण्याइतकी वाढली असेल तर ती नैसर्गिक झीज नाही.

मग खालची जाळी बघा. ऑइलच्या जाळीवर धागे आणि पिंजलेला कापूस दिसला तर पुसायला वापरलेलं वेस्ट (टाकाऊ सुताचा गुंता) आत गेलं. रबरासारखे निळे-काळे-राखाडी तुकडे दिसले तर पॅकिंगला लावलेला बॉण्ड (सांधा बंद करायची चिकट पेस्ट) जास्त झाला. आणि बोअर ठणठणीत, पण रॉकर आणि कॅम (हेडमधले व्हॉल्व्ह हलवणारे भाग) खरवडलेले, तर वर ऑइलच पोचत नव्हतं. त्याकडे पुढे येतो.

बोअर धुणं: इथेच सगळं आहे

होनिंग झाल्यावर स्लीव्हच्या अंगावर तिरक्या चरांची जाळी असते. ती हवीच, ऑइल धरून ठेवायचं काम तिचं. पण त्याच चरांत दगडाची आणि बिडाची पूड ऑइलमध्ये कालवून बसलेली असते. पेट्रोल ओतलं की ऑइल पातळ होऊन वाहून जातं, उरलेलं पेट्रोल उडून जातं आणि पूड चरांतच राहते, आता कोरडी. वरून फडका मारला की ती आणखी दाबून बसते. साबणाचं पाणी कणाला सुटा करून आपल्याबरोबर घेऊन जातं. फरक एवढाच आहे आणि तोच सगळा आहे.

विश्वास बसत नसेल तर लेथवरून ‘धुऊन’ आलेला ब्लॉक घ्या. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा, जुनं धोतर सगळ्यात चांगलं, बोटाला गुंडाळा, त्यावर पातळ ऑइलचे दोन थेंब टाका आणि बोअरमध्ये गोल फिरवत खाली न्या. कापड शिसपेन्सिल घासल्यासारखं राखाडी होतं. ही पूड तुमच्या नव्या रिंगांखाली जाणार होती.

मी करतो ती पद्धत अशी. आधी डिझेल आणि नायलॉनच्या ब्रशने बाहेरच्या पंख्यांतला चिखल, ग्रीस, जुनं ऑइल काढून टाकायचं. बाहेरची घाण काढल्याशिवाय आतलं धुणं म्हणजे वेळ वाया. मग बादलीत हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण. कपड्यांची पावडरच वापरायची असेल तर आधी पूर्ण विरघळवून घ्या, न विरघळलेले दाणे चरांत बसतात. बाळाच्या दुधाच्या बाटलीचा नायलॉन ब्रश ५० मिमीच्या बोअरला छान बसतो. जाळीच्या दिशेने, तिरकं फिरवत, भरपूर घासा. पहिलं पाणी काळपट होतं, ते टाका. पुन्हा नवं गरम पाणी, नवा साबण. तोच गढूळ रेंदा पुन्हा-पुन्हा वापरला तर आपण पूड फक्त हलवत असतो. स्टडची भोकं आणि टायमिंग चेनचा बोगदाही याच वेळी धुवा, होनिंगची पूड तिथेही उडालेली असते.

शेवटी स्वच्छ गरम पाण्याने खळखळून धुवा. गरम अशासाठी, की ब्लॉक तापतो आणि पटकन सुकतो. आता घाई करायची. बिडाची स्लीव्ह ओली राहिली तर काही मिनिटांत तांबूस होते, पावसाळ्यात कोकणात तर बघता-बघता. फडक्याने पाणी टिपायचं, हवा मारायची आणि लगेच इंजिन ऑइल चोळायचं. मग तीच पांढऱ्या कापडाची परीक्षा. कापड राखाडी आलं तर पुन्हा साबण-पाणी. ऑइलचा स्वतःचा पिवळसर डाग सोडून कापडावर काही येत नाही तेव्हाच थांबायचं. कंटाळा येतो, मान्य. तरी थांबायचं ते कापडाला विचारून.

लेथवाल्याला दोष द्यायचं काही कारण नाही. त्याचं काम मापाचं आहे आणि डिझेलची धार मारून ब्लॉक हातात देणं ही तिथली रीतच आहे. ‘काका, होनिंगनंतर साबणानं धुतलाय का?’ एवढं विचारून घ्यावं, आणि उत्तर काहीही आलं तरी घरी धुवावंच.

पूड आणखी कुठून येते

व्हॉल्व्हची लॅपिंग पेस्ट म्हणजे उघड-उघड कार्बोरंडमची पूड. लॅपिंग झाल्यावर सीट पुसली जाते, पण पेस्ट व्हॉल्व्हच्या दांडीवरून गाइडमध्ये उतरलेली असते. हेड अख्खंच साबणाच्या पाण्यात धुवा आणि गाइडमधून बारीक ब्रश आरपार काढा. नाहीतर आत्ताच बसवलेली गाइड आपणच घासून मोठी करतो आणि महिन्याभराने सकाळचा धूर सुरू होतो.

दुसरा चोर म्हणजे पॅकिंगची जागा घासायला वापरलेला पॉलिश पेपर किंवा भांडी घासायची हिरवी घासणी. दोन्हींत घासणारे कण असतात आणि ते सुटतात. ड्रिलला लावायच्या असल्या चकत्यांबद्दल जनरल मोटर्सने आपल्या वर्कशॉपांना लेखी इशारा दिला होता, कारण त्यातली ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते. पॅकिंग काढायला जुनं एटीएम कार्ड, लाकडाची पट्टी, फार तर पितळी पट्टी पुरते. चिवट असेल तर डिझेलमध्ये भिजवून वाट बघा. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ते कोरडं घासायचंच नाही, ओलं करूनच काढायचं. आणि खाली क्रँककेस उघडी असताना हे चाललं असेल तर तिच्या तोंडात स्वच्छ फडका कोंबून ठेवा. क्रँकच्या बिग एंडमध्ये (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगमध्ये) एकदा कचरा गेला की हाफ इंजिनचं फुल इंजिन झालं समजा.

पिस्टनवरचा कार्बन काढताना रिंगांच्या खाचा विसरल्या जातात. जुनी रिंग मोडून तिच्याच तुकड्याने खाच साफ करतात ती पद्धत चांगली, फक्त खाचेच्या कडा खरवडू नका. ऑइल रिंगेच्या खाचेमागे बारीक भोकं असतात, रिंगेने खरवडलेलं ऑइल तिथून परत खाली जातं. ती कार्बनने बुजलेली राहिली तर रिंग कितीही नवी असो, ऑइल वरच जाणार. हाताने फिरवलेला योग्य मापाचा ड्रिल बिट, बस. हेडमधला कार्बन खरवडताना व्हॉल्व्ह जागेवरच बंद ठेवा, म्हणजे सीटला ओरखडा बसत नाही, आणि जुना प्लग लावून ठेवा, म्हणजे आट्यांत कचरा जात नाही.

कॉस्टिकचा सल्ला

‘कॉस्टिकमध्ये उकळ, नवा होऊन निघेल’ असं सांगणारा एक तरी भेटतोच. तो खोटं बोलत नसतो. शेतावरच्या किर्लोस्करच्या डिझेल इंजिनाचा किंवा ट्रॅक्टरचा ब्लॉक बिडाचा असतो आणि बिडाला कॉस्टिक चालतो. जुन्या बुलेटचा ब्लॉकही बिडाचाच. पण शंभर सीसीच्या गाडीचं हेड, पिस्टन, क्रँककेस, ब्लॉकचे पंखे हे सगळं ॲल्युमिनियम. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो, त्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेटतो. पार्ट काळा पडतो, पॅकिंगची सपाट जागा खडबडीत होते, आटे ढिले होतात. नाली साफ करायच्या पुड्यांत बहुधा हेच असतं. धुण्याचा सोडाही गरम पाण्यात ॲल्युमिनियम काळवंडवतो. हात लावू नका. थिनरमध्ये ओ-रिंग आणि ऑइल सील फुगतात, तेव्हा तेही आधी काढून घ्या. पंखा तुटलाय आणि वेल्डिंगला द्यायचाय अशा पार्टवर क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारणं तर जिवाशी खेळ आहे, वेल्डिंगच्या आचेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

ऑइलचे रस्ते

हाफ इंजिनमध्ये सगळ्यांचं लक्ष बोअरवर असतं आणि रॉकर उपाशी मरतात. या जातीच्या बऱ्याच इंजिनांत हेडला जाणारं ऑइल स्टडच्या भोकातूनच वर चढतं. तिथे जुन्या पॅकिंगचा तुकडा किंवा बॉण्डचा गोळा अडकला की संपलं. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, डिझेल भरून प्रत्येक भोकात दाबा आणि दुसऱ्या टोकाला धार येते का बघा. थेंब-थेंब चालत नाही, धार हवी. अडथळा असेल तर सायकलच्या ब्रेक केबलची एकच तार किंवा मासेमारीचा नायलॉनचा जाड दोरा आत घाला. पंक्चरवाल्याकडची हवा चालते, पण त्याच्या टाकीत पाणी साचलेलं असतं, ते आधी सोडायला सांगा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. हवेने बेअरिंग गरगरा फिरवायची गंमत मात्र नको, कोरडी बेअरिंग तशी फिरवली की खराब होते, फुटूही शकते.

क्रँकच्या टोकाला उजव्या झाकणाखाली ऑइलचा फिरता गाळक असतो. त्याचं झाकण उघडून बघणारे फार थोडे. आत काळा, मेणासारखा घट्ट गाळ थापलेला असतो. तो तसाच ठेवून नवं ऑइल ओतण्यात अर्थ नाही. खरवडून, डिझेलने धुऊन, कोरडा करून लावा.

तळबंद भोकांत, म्हणजे ज्यांना दुसरीकडे तोंड नाही अशा बोल्टच्या भोकांत, डिझेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट कसताना ते दाबलं जातं आणि कास्टिंगला तडा जातो. हवा मारून किंवा कापडाची वात घालून ती कोरडी करा. पुसायला कापसाचं वेस्ट शेवटच्या टप्प्यात घेऊच नका, धागे सुटतात.

पेट्रोल का नको

पेट्रोलने झटपट निघतं, म्हणून सगळे तेच घेतात. पण त्याची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. गॅलरीत धुताय आणि बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, तर वाफेला तिथपर्यंत जायला वेळ लागत नाही. फ्रिजची, स्विचची ठिणगीही पुरते. शिवाय त्यात बेंझीन असतं, ते कातडीतून आणि श्वासातून आत जातं. रेशनचं निळं रॉकेल आता सहसा दिसत नाही, तेव्हा डिझेल वापरा. पण त्यालाही पूर्ण बिनधोक समजू नका. रॉकेल आणि डिझेलचा पेटण्याचा किमान बिंदू भारतीय मानकात ३५ अंश आहे आणि चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात. सकाळी करा, मोकळ्यावर करा, नायट्राइलचे हातमोजे घाला.

वापरलेलं डिझेल कॅनमध्ये दोन दिवस ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पहिल्या धुण्याला पुन्हा चालतं. खालचा गाळ आणि जळकं ऑइल गटारात ओतू नका. जी गॅरेजं जुनं ऑइल साठवून विकतात, तिथे नेऊन द्या.

जोडताना आणि नंतर

धुतलेले पार्ट लगेच बसवायचे नसतील तर ऑइल लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. उघड्या पार्टवर रात्रीत धूळ बसते, विशेषतः घरात कुठे फरशीचं काम चालू असेल तर. बॉण्ड लावाल तो अगदी पातळ, आतल्या बाजूला वळी निघेल इतका नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर टॅपेटचं झाकण उघडून वर ऑइल येतंय का ते बघा. इंजिन मंद चालू असताना थोड्याच वेळात रॉकर ओले दिसायला हवेत. कोरडे राहिले तर लगेच बंद करा आणि पुन्हा सिरिंज हातात घ्या.

पहिलं ऑइल साधं मिनरल भरा आणि ५० ते १०० किलोमीटरलाच काढून टाका. एक लिटरच्या आतबाहेरचा खर्च आहे, कंजुषी करू नका. काढलेलं ऑइल पांढऱ्या कापडातून गाळा. लोहचुंबकाला चिकटणारी अगदी बारीक चमक थोडी असते, ती रिंगा बसतानाची. चुंबकाला न चिकटणारी आणि दोन बोटांत चोळल्यावर खरखरीत लागणारी पूड सापडली तर ती होनिंगची किंवा लॅपिंगची आहे. अशा वेळी गाडी पळवत राहू नका, ब्लॉक लगेच उतरवा. शंभर किलोमीटरला उतरवलेला ब्लॉक बहुतेक वेळा साबण-पाणी आणि नव्या रिंगांवर वाचतो, अडीच हजारला उतरवलेला पुढच्या साइजला जातो.

एवढं सगळं होऊनही गॅप वाढलेली आणि कापड मात्र स्वच्छ, असं असेल तर धुण्याचा विषय संपला. ब्लॉक दुसऱ्या लेथवर नेऊन वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, आडवं-उभं माप घ्यायला सांगा. बोअर लंबगोल किंवा निमुळता निघाला तर काम मापाचंच चुकलेलं आहे.